नाताळवर काहीतरी द्या ना

नोव्हेंबर लागला की एक फोन ठरलेला असतो. "सर, नाताळवर काहीतरी द्या ना, छोटंसंच, केक, सांताक्लॉज, तुमच्याकडं कसं असतं ते." तुमच्याकडं! मी वैजापूरकडच्या खेड्यातला, आमच्या घरात पहिला केक आला तेव्हा मी कॉलेजला होतो, तोवर नाताळ म्हणजे करंज्या, शेव, बुंदीचे लाडू आणि रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, घोंगडी पांघरून बसलेली म्हातारी माणसं. हे सांगितलं की समोरचा जरा नाराज होतो. एकदा मी लेखात केक घातला पण, खोटं कशाला बोलू.

तर कॅथलिक माणसानं मराठीत लिहायचं म्हणजे काय, यावर मी बरीच वर्षं चुकीच्या जागी डोकं लावत होतो. मला वाटायचं विषय धार्मिक पाहिजे, फादर चांगला पाहिजे, शेवटी कोणाचं तरी मन बदललं पाहिजे. आणि भाषा कशी, तर प्रवचनातली. कृपेचा वर्षाव, प्रभूचा मळा, पाचारण. घरात असं कोणीच बोलत नाही. आजी तर देवाशी बोलताना पण "आरं बाबा, बघ की जरा इकडं" असं बोलते, जपमाळ हातात आणि लक्ष चुलीवरच्या दुधाकडं.

खरी गोची झाली ती १९७२ च्या दुष्काळावर कथा लिहिताना. आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले ते त्याच्या कितीतरी आधी, गावकुसाबाहेरची माणसं, गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. पण बहात्तरला मिशनमधून गहू यायचा, तेलाचा डबा, दुधाची पावडर, आणि आजोबा ते डोक्यावर घेऊन चालत घरी आणायचे. कथेत मी हे सगळं गाळलं. का, तर वाचणारा लगेच म्हणणार, बघा, गव्हासाठी धर्म सोडला. शाळेत हे ऐकलंय मी, मधल्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी. म्हणून कथेतले आजोबा उपाशी राहून प्रार्थना करतात आणि पाऊस येतो. वाचून आता लाज वाटते, पण छापून आली होती, दोघातिघांनी कौतुक पण केलं.

आजीला वाचून दाखवली. ती ऐकत बसली आणि म्हणली, "गहू कुठं गेला?"

मी सांगितलं, लोक काय म्हणतील ते. तर म्हणे, "भूक व्हती, खाल्लं. त्यात लपवायचं काय? आन् फादर तुझ्या कथेतल्यावानी नव्हता, रांगेत कोणी पुढं घुसला की असा वरडायचा, आम्ही भ्यायचो त्याला."

नंतर ईस्टरआधीच्या प्रायश्चित्त काळात कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढं पापं सांगायला गेलो तेव्हा हे डोक्यात होतंच. लहानपणी सिस्टरांनी शिकवलेलं, पाप सांगताना गोष्ट रचायची नाही, काय केलं ते सांगायचं, किती वेळा ते सांगायचं, दुसऱ्याचं नाव पुढं करायचं नाही, कारणं देत बसायचं नाही. मी तिथं गुडघ्यावर असताना मला पहिल्यांदा जाणवलं की अरे, लिहायची शिकवणी तर आपल्याला आठव्या-नवव्या वर्षीच मिळाली होती, आपण ती फक्त पापापुरती वापरली! फादरांना सांगितलं, कथेत खोटं लिहिलं. ते हसले, "कथा आहे ना, मग?" समजावून सांगायला गेलो तर मागं रांग होती. प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा 'नमो मरिया' प्रार्थना, जा.

आता गंमत बघा. संभाजीनगरच्या कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे ते संत फ्रान्सिस दि सेल्स, लेखकांचे आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत आहेत, पोप अकरावे पायस यांनी १९२३ मध्ये तसं जाहीर केलंय. सोळाव्या शतकाच्या शेवटी लोक त्यांचं प्रवचन ऐकायला येईनात, म्हणून ते पत्रकं लिहून दाराखालून आत सरकवायचे. त्यांच्याच नावाच्या संघाचे फादर पुढं आपल्या भागात आले. मी त्या नावाखाली वर्षानुवर्षं मिस्सा ऐकला आणि मला हे कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी झोपेत असेन.

भाषेचा प्रश्न तर फादर स्टीफन्सनी कधीच सोडवून ठेवलाय. माणूस इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आला, तेव्हा इकडं पैठणला नाथमहाराज हयात होते. त्यानं ख्रिस्तपुराण लिहिलं ते ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, १६१६ मध्ये छापलं. परदेशी माणसाला कळलं की इथल्या कानाला ओवी पाहिजे, आणि मी पैठणपासून इतका जवळ राहून प्रभूचा मळा नांगरत बसलो होतो.

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाचं उस्मानाबाद, साहित्य संमेलनाला गेलो होतो. गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात अध्यक्ष कोण, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला विरोध पण झाला होता, त्यामुळं आत जाताना जरा धाकधूक होती. ते बोलायला लागले आणि शेजारच्या अनोळखी काकांनी मान डोलावली, "मराठी चांगली आहे हो यांची." मला राग यावा का आनंद व्हावा ते ठरेना. वसईच्या माणसाची मराठी चांगली नसणार तर काय असणार? पण काका मनापासून बोलले होते, आणि नंतर त्यांनी मला अर्धा वडापाव पण दिला.

कथा परत लिहिली. गहू आला, डबा आला, वरडणारा फादर आला, पाऊस काढून टाकला. मधल्या सुट्टीतला तो टोमणा पण आला, ज्यानं मारला त्याचं नाव बदलून. यावेळी कोणी छापली नाहीये अजून. आजीला मात्र वाचून दाखवली, तिला आता कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं, सगळी गल्ली ऐकत होती.

ती म्हणली, "पावडरला वास यायचा. ते नाही लिहिलं."