कीटकभक्षींचा हिवाळा: बाहेरच्या कुंड्यांची नोंद

पहिल्यांदा दव गोठलं तोवर कीटकभक्षी झाडांच्या सगळ्या कुंड्या हिवाळ्याच्या जागी गेल्या होत्या. भिंतीच्या आडोशाला, थेट जमिनीवर, एकमेकींना खेटून. मांडणीवरच्या कुंडीला गार वारा खालूनही लागतो, जमिनीवरच्या कुंडीला निदान खालून थोडी ऊब मिळते. घरात घेतले ते फक्त नेपेंथेस आणि सेफॅलोटस (दोन्ही घटासारख्या पानांत कीटक पकडणारे) आणि चिकट पानांची मेक्सिकन पिंग्विक्युला. सखल प्रदेशातल्या नेपेंथेसला गोठणं सोसतच नाही, त्यात वादाला जागा नाही.

बाकीच्यांना थंडी हवीच. सापळ्यासारखी पानं मिटून कीटक धरणारा व्हीनस फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाचा, त्याला दर वर्षी तीन-चार महिन्यांची सुप्तावस्था लागते. घटासारख्या पानांची सारासेनिया पुर्पुरिया तर पार कॅनडापर्यंत उगवते. म्हणजे माझा आटापिटा पानांसाठी नाही, राइझोमसाठी, म्हणजे मातीतल्या जाड खोडासाठी आहे. पानं काळी पडली तर पडू देत.

मग कॅनडात तगणारं झाड कुंडीत का दगावतं? दलदलीत थंडी फक्त वरून उतरते आणि वर बर्फ साचला की तोच पांघरूण होतो. कुंडीला मात्र ती चहूबाजूंनी घेरते. मातीचा गोळा आरपार गोठला की मुळांना पाणी ओढता येत नाही, वरून वारा आणि ऊन पानं सुकवत राहतात. गारठ्याइतकंच हे सुकणंही घातक. म्हणून यंदा कुंड्या थर्मोकोलच्या मोठ्या खोक्यात बसवल्या, मधल्या फटींत कोरडा पाला ठासला आणि वर पाइनच्या सुयांचा जाडसर थर दिला.

पाण्याचं गणित जरा नाजूक आहे. ट्रे काठोकाठ भरून ठेवले तर राइझोम सडतो. पण पीट (कुंडीतली दलदलीची कुजलेल्या शेवाळाची माती) कोरडं पडू देणं त्याहून वाईट. एक ग्रॅम पाणी गोठताना साधारण ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे ओलं पीट सावकाश गोठतं. कडाक्याची रात्र येणार असं दिसलं की संध्याकाळी आधी ओल तपासायची, मग वरून फ्लीसचं, म्हणजे हवा खेळू देणारं हलकं कापड. प्लॅस्टिक मी थेट पानांवर टाकत नाही. ते जिथे टेकतं तिथे पान गोठतं, आणि दिवसा ऊन पडलं की आत भट्टी होते.

आता सध्याची हालहवाल. चिकट थेंबांच्या पानांच्या ड्रोसेरा फिलिफॉर्मिसची पानं गेली आणि जागेवर तपकिरी, केसाळ, घट्ट मिटलेली हिवाळी कळी (फुलाची नव्हे, पानांची) राहिली. पिंग्विक्युला ग्रँडिफ्लोराचीही हिवाळी कळी झाली, बुडाशी पिल्लं धरलीत. तिला जवळजवळ मुळंच नसतात, त्यामुळे एका सकाळी ती चक्क मातीच्या वर आलेली दिसली: खाली बर्फाच्या उभ्या सुयांचा झुपका, आणि त्याच्या टोकावर ही बाई बसलेली! बर्फ वितळल्यावर बोटाने हलकेच दाबून बसवली, वर चिमूटभर वाळू टाकली. पिल्लं मात्र आत्ताच वेगळी करून फ्रिजमध्ये ओल्या स्फॅग्नम शेवाळात ठेवली, ती पाण्याबरोबर वाहून जातात म्हणून.

ड्रोसेरा कॅपेन्सिसचा चिखल झालाय. कुंडी फेकणार नाही, मुळांतून ती पुष्कळदा फुटते.

फ्लायट्रॅपचे काळे सापळे चिमट्याने काढले, कारण झाकणाखाली राखाडी बुरशीला तेवढंच निमित्त पुरतं. एका कुंडीबद्दल शंका होती, म्हणून वरचं पीट जरा बाजूला करून पाहिलं. राइझोम पांढरा आणि टणक लागला. तपकिरी, पिचपिचीत असता तर आशा नव्हती. सारासेनिया ल्युकोफिलाचे शरदातले पांढरे घट अजून अर्धे हिरवे आहेत, त्यांना कात्री लावली नाही. हिरवा भाग अजून कमवतोय, नुसतं नीटनेटकं दिसण्यासाठी तो कापण्यात मला अर्थ वाटत नाही.

कडाका सरला की झाकण ढगाळ दिवशी काढायचं, एकदम कडक उन्हात नाही. जुने घट फुलांचे दांडे वर येण्याआधी कापायचे, नाहीतर गर्दीत कळीच तुटते. कुंड्या बदलायचं कामही त्याच सुमारास उरकेन.