उधाणातले चार मिलिमीटर

समुद्र चढतोय हे मी इतक्या ठामपणे कसं म्हणतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, समुद्रावर अधूनमधून व्याख्यानं देतो, आणि मागच्या रांगेतून हमखास कुणीतरी म्हणतं, "मरीन ड्राइव्हला लाट कठडा ओलांडून अंगावर येते, उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक. आणि समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतो म्हणे! मोजलं कुणी, फूटपट्टी लावून?"

जवळपास तसंच. अपोलो बंदरच्या भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. अशा मापनातली जुनी युक्ती मी घरी बादलीत दाखवतो. प्लंबरने टाकून दिलेला पाइपाचा तुकडा, खालचं तोंड बंद, तळाशी खिळ्याने पाडलेलं एक भोक. तो बादलीत उभा धरायचा आणि दुसऱ्या हाताने पाणी ढवळायचं. बाहेर नुसता थयथयाट, आत पाणी जेमतेम हलतं. लाट काही सेकंदांत येते-जाते, तेवढ्यात भोकातून शिरणार किती? भरती सहा तास चढत असते, ती बरोबर आत पोचते. लाटा अशा गाळल्या जातात. उधाण, भांगाची लहान भरती, पावसाळी वारे हे वर्षानुवर्षांच्या सरासरीत निघतात.

परवा भाचीने पाइपच खाली दाबला. "आता रे मामा?" पकडलंन बरोबर. पाइप ज्याला बांधलाय तो बंदराचा धक्काच खचत असेल तर समुद्र चढल्यासारखा दिसणार. म्हणून १९९२ पासून उपग्रहही १,३३६ किलोमीटरवरून रडारने पातळी मोजतात. त्यांना धक्क्याशी देणंघेणं नाही.

माझा विश्वास बसला तो मात्र जमाखर्च पाहून. समुद्र मुख्यतः दोन कारणांनी चढतो: पाणी तापून फुगतं, किंवा जमिनीवरचं बर्फ वितळून त्यात येतं. (तरंगत्या बर्फाने नाही, सरबताचा ग्लास बघा.) ऊब मोजायला सुमारे चार हजार आर्गो तरंगक (समुद्रात सोडलेली, आपोआप तापमान मोजणारी यंत्रं) दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोल जाऊन येतात. पाण्याचं आणि बर्फाचं वजन करतात एकामागून एक धावणारे जुळे उपग्रह; खालचं वस्तुमान, आणि म्हणून त्याची ओढ, कमी-जास्त झाली की त्यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी बदलतं, आणि तेवढंही कळतं. दोन्हींची बेरीज रडारच्या आकड्याशी चांगली जुळते. तीन वह्या, तीन वेगळे कारकून.

पावसाबद्दल मी इतका ठामपणे बोलत नाही. तो गल्लीगल्लीचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला शंभरही नाही. मी तेव्हा फोर्टात होतो. कालिन्याहून घरच्यांचा फोन आला, पाणी ओट्याला लागलंय म्हणून. मला थट्टा वाटली.