आठच भर

रविवार, रात्री पावणेबारा. वाकड.

टाइमशीट आत्ता भरली. सोमवार ते शुक्रवार, रोज आठ. एकूण ४०. शनिवार-रविवारचे रकाने करडे असतात, त्यात आकडाच पडत नाही. खरे तास वहीत मांडले तर ६३ भरले. मंगळवारचा रिलीज, रात्री साडेदहाचे क्लायंट कॉल, आणि काल ‘दोनच तास लॉगिन कर ना’ म्हणून सुरू झालेलं ते संध्याकाळी सातला आटोपलं.

काम मिळावं म्हणून क्लायंटला तासांचा अंदाज आम्हीच कमी दिलेला. वरचे तास दाखवले की प्रोजेक्ट तोट्यात आणि मॅनेजर गोत्यात. म्हणून ते तास झालेच नाहीत. २०२३ साली नारायण मूर्ती आठवड्याला ७० तासांचं बोलले, तेव्हा कँटीनमध्ये आम्ही खूप हसलो होतो. कागदावर मी त्यांच्या हिशेबाने ३० तासांनी आळशी. कायद्यातल्या ४८ तासांच्याही आत, अगदी सोवळ्यात.

झोप उडालीय ती मात्र वेगळ्याच कारणाने. शुक्रवारी टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, “दादा, काल अकरा तास झाले. अकरा भरू?” लातूरहून आलेली, पहिलीच नोकरी. स्क्रीनवरून नजर न काढता मी म्हणालो, “आठच भर.” तिने भरले. नऊ वर्षांपूर्वी मलाही कुणीतरी हेच सांगितलं होतं. मी निदान चिडलो तरी होतो.

जेवताना बाबा म्हणाले, “रविवारी कसलं ऑफिस?” पुढचं मला पाठ आहे: कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, गिरणी कामगार, १८९० साली मिळालेली रविवारची सुट्टी. आजोबा परळला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांची एक पगारचिठ्ठी बाबांनी अजून जपून ठेवलीय, घडीवर फाटलेली. तिच्यात ओव्हरटाइमचा वेगळा रकाना आहे. कारखाना कायद्याने दुप्पट दर. आजोबा साच्यापुढे जादा उभे राहिले, हे निदान कुठेतरी शाईने लिहिलेलं आहे.

आत्ताच फोन लागोपाठ दोनदा थरथरला. तीच मुलगी.

“दादा, सॉरी, उशीर झाला.”

“शनिवारचे तास कुठे भरायचे?”

दोन निळ्या खुणा तिला दिसल्या असणार. मी अजून काही लिहिलेलं नाही.