२५ गावं आणि मध्ये एकही रस्ता नाही

इक्वालुइटला राहायला आल्यापासून विमानाकडे बघायची माझी नजरच बदलली. इक्वालुइट ज्याची राजधानी आहे, तो कॅनडाच्या उत्तरेकडचा नुनावुत प्रदेश सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्यात गावं २५, पण एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा रस्ता कुठेच नाही. दक्षिणेकडे, उर्वरित कॅनडात जायलाही नाही. उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ वितळला की जहाजं येतात. बांधकामाचं सामान, गाड्या, टिकणारा शिधा तेव्हाच भरून घ्यायचा. दूध, भाजी, टपाल, डॉक्टर हे सगळं वर्षभर विमानानेच येतं.

इक्वालुइट वाढलं तेही विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धात युरोपकडे जाणाऱ्या विमानांसाठी अमेरिकेने इथे धावपट्टी बांधली आणि तिच्याभोवती वस्ती झाली. आमची धावपट्टी डांबरी आहे. बहुतेक गावांत मात्र नुसती खडी. अशा खडीवर इथे वर्षानुवर्षं बोइंग ७३७-२०० ही जेट विमानं उतरत. उडालेले दगड विमानाला लागू नयेत म्हणून पुढच्या चाकामागे एक पत्रा बसवलेला असे. इंजिनाने खालची खडी ओढून घेऊ नये म्हणून पुढे आलेल्या बारीक नळीतून हवेचा झोत सोडत. मला तर हे विमानविद्येतलं फार देखणं काम वाटतं.

चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने होकायंत्रावर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे इथले वैमानिक दिशा मोजतात ती भौगोलिक उत्तरेवरून. अगदी टोकाच्या ग्रीस फियॉर्डला डोंगरांच्या कुशीत इतकी आखूड धावपट्टी आहे की तिथे ट्विन ऑटरसारखं छोटं विमानच उतरू शकतं. तेही हवा साफ असेल तर.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात त्या गरोदर बायका. लहान गावांत बाळंतपणाची सोय नसते, म्हणून दिवस भरायच्या कितीतरी आठवडे आधी त्यांना विमानाने इक्वालुइटला किंवा त्याहून दूर दक्षिणेकडच्या शहरांत पाठवतात. मोठी मुलं घरी, नवरा बऱ्याचदा मागेच, आणि ही परक्या गावात वाट बघत बसलेली. हिमवादळ आलं की बाळाला घेऊन घरी परतणंही लांबतं. उत्तरेच्या विमानसेवेवर सरकार इतका पैसा का ओततं, असं दक्षिणेत कुणी विचारलं की मी आधी या बायकांबद्दल सांगते. दुसऱ्या ठिकाणी रस्त्यावर होतो तोच हा खर्च आहे.