टाकी रिकामी, तरी काटा 'फुल्ल'वर: १९७१ च्या शेवरले पिकअपचा फ्यूल मीटर

टेक्सासमध्ये माझ्याकडे १९७१ सालची शेवरले सी-१० पिकअप आहे. २५० क्युबिक इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन, एकसंध लांब सीट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. गाडी घेतली तेव्हापासून पेट्रोलचा काटा एकाच जागी होता: 'एफ'च्याही पलीकडे, अगदी कडेला टेकलेला. टाकी भरलेली असो नाहीतर तळाला गेलेली, तो हलायचाच नाही. इकडे गावाबाहेर पडलं की दोन पंपांमध्ये बरंच अंतर असतं आणि या गाडीची तहान मोठी. किलोमीटर मोजून पेट्रोलचा अंदाज बांधणं मला मुळीच पसंत नव्हतं.

या गाड्यांचे सुटे भाग आजही नवे बनून मिळतात, त्यामुळे सल्ले तयार असतात. कोणी म्हणे मीटर बदल, कोणी म्हणे टाकीतलं, पेट्रोलची पातळी मोजणारं युनिट नवं टाक. पण दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय पन्नास वर्षांचा मूळ भाग काढून फेकायला माझं मन धजत नाही.

आधी हे काम कसं चालतं ते समजून घेतलं. मीटरमध्ये दोन कॉइल असतात. एक काट्याला 'ई'कडे (एम्प्टी, म्हणजे रिकामी) ओढते, दुसरी 'एफ'कडे (फुल्ल). किल्ली फिरवली की करंट आधी 'ई'च्या कॉइलमधून येतो आणि पुढे त्याला दोन वाटा फुटतात: एक 'एफ'च्या कॉइलमधून अर्थला (म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला), दुसरी टाकीतल्या युनिटमधून अर्थला. युनिटमध्ये फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ डबीच्या, दांडीबरोबर रेझिस्टन्स बदलतो. टाकी रिकामी असताना जवळजवळ ०, भरलेली असताना ९० ओहम. रेझिस्टन्स कमी असला की करंट युनिटच्या वाटेने निघून जातो, 'एफ'च्या कॉइलला काही उरत नाही आणि काटा खाली येतो. आणि युनिटची वाट पूर्णच तुटली, तर सगळा करंट 'एफ'च्या कॉइलमधून जातो आणि काटा थेट पलीकडे जाऊन टेकतो. म्हणजे माझ्या काट्याने दुखणं कुठे आहे ते आधीच सांगितलं होतं: मीटरपासून अर्थपर्यंतच्या वाटेत कुठेतरी तुटलंय. वायर, युनिट किंवा अर्थ.

१९६७ ते १९७२ च्या या पिकअपमध्ये टाकी केबिनच्या आतच, सीटच्या मागे उभी असते. सुमारे २० गॅलनची, म्हणजे पंचाहत्तर लिटर पेट्रोल पाठीशी घेऊन बसायचं. १९७३ च्या नव्या मॉडेलपासून ती केबिनबाहेर गेली आणि ते योग्यच झालं. पण तपासणीला ही रचना सोयीची. सीटची पाठ पुढे केली की युनिट टाकीच्या माथ्यावर समोरच दिसतं. त्यावर दोन वायरी: फिकट तपकिरी मीटरकडे जाणारी आणि काळी अर्थची.

दोन्ही दारं सताड उघडी ठेवून तपकिरी वायर काढली. काटा होता तिथेच, हे अपेक्षितच होतं. मग एक लांब वायर जोडून ती टाकीपासून दूर, दाराच्या बिजागरीच्या उघड्या बोल्टला टेकवली. काटा सरसर खाली आला आणि 'ई'वर थांबला. त्याच वाटेत ४७ ओहमचा रेझिस्टर घातला, तर काटा अर्ध्याच्या जवळ उभा. मीटर ठणठणीत, वायरही धड. नवा मीटर घेतला असता तर पैसे पाण्यात गेले असते.

इचलकरंजीला माझे मामा बरीच वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करत आले आहेत. त्यांना फोन लावला. त्यांनी अशी गाडी कधी पाहिलेली नाही, पण सगळं ऐकून लगेच म्हणाले, "अरे, आधी अर्थ बघ. टँक युनिटला बॅटरीवरनं डायरेक्ट अर्थ दे आणि काटा हलतोय का सांग."

तसंच केलं. एक काळजी मात्र घेतली, आणि ती प्रत्येकाने घ्यावी: चिमटा आधी युनिटच्या पत्र्याला लावायचा आणि शेवटची जोडणी बॉनेटखाली, बॅटरीपाशी करायची. ठिणगी उडालीच तर टाकीजवळ नको. त्याआधी किल्ली चालू ठेवून युनिटचा पत्रा आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्ट मोजले. जवळजवळ शून्य हवे होते, आले पाचाच्या वर. काळी वायर नावालाच अर्थ होती.

तिचं दुसरं टोक केबिनच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेलं होतं. आधीच्या मालकाने गाडीला फार सुरेख रंग करून घेतलेला आहे, टाकीच्या मागचा कोपराही सोडलेला नाही. तो स्क्रू त्या रंगावरच आवळलेला, आणि रंगातून करंट जात नाही. खाली चकचकीत निळा थर, वर टर्मिनलवर गंज. जुनी गाडी नव्याने रंगवली की विजेच्या तक्रारी का निघतात, ते त्या एका स्क्रूखाली दिसलं. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा धातूपर्यंत घासली, नवं टर्मिनल लावलं, आवळलं आणि वरून ग्रीसचा हात दिला. व्होल्ट शून्यावर आले.

काटा हलला, पण जरा जास्तच. टाकीत निम्मं पेट्रोल होतं आणि तो 'ई'ला जाऊन चिकटला. अर्थच्या दोषामागे दुसरा दोष दडून बसला होता. युनिट थेट मोजलं तर ६ ओहम, जिथे चाळीस-पंचेचाळीस यायला हवे.

आता युनिट बाहेर काढणं आलं. बॅटरीची वायर सोडली, पेट्रोल उपसायच्या हातपंपाने टाकी रिकामी करून डबे लांब ठेवले आणि युनिट टाकीवर धरून ठेवणारी लॉक रिंग पितळी ठोकणीने हळूहळू फिरवली. लोखंडी छिन्नी इथे कधीही वापरू नये. युनिट तिरकं करत बाहेर काढलं आणि मोकळ्या हवेत नेऊन दांडी बोटाने सावकाश फिरवली. मल्टीमीटरवर १ पासून ८८ पर्यंत आकडा कुठेही न अडखळता चढला. रेझिस्टन्सची तार इतक्या वर्षांनी अशी शाबूत पाहून मला मनापासून आनंद झाला. मग फ्लोट कानाशी नेऊन हलवला. आत पेट्रोल खुळखुळत होतं. पितळेच्या जोडावर केसाएवढी भेग, आणि जड झालेला फ्लोट तळाशी बसलेला.

पितळी फ्लोटला डाग देता (सोल्डर करता) येतो, पण ज्याच्या आत पेट्रोल होतं त्या वस्तूजवळ तापलेलं सोल्डरिंगचं हत्यार नेणं मला मान्य नाही. नवा फ्लोट काही डॉलरांत मिळतो, तोच बसवला. अख्खं युनिट नवं घेणार असाल तर ओहम तपासून घ्या. शेवरलेच्याच १९६५ च्या आधीच्या गाड्यांना ० ते ३० ओहमचं लागतं, आणि त्या काळच्या फोर्डचं तर उलटं चालतं: रिकाम्या टाकीला सुमारे ७३, भरलेल्याला १०. दिसायला सारखं म्हणून चुकीचं बसवलं तर काटा जन्मभर खोटं बोलेल.

उघडलंच होतं म्हणून रिंगखालचं रबर, तळाची जाळी आणि पेट्रोलची रबरी नळी, सगळं बदललं. इथल्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याला चालणारीच नळी घेतली. केबिनमध्ये कायम येणारा पेट्रोलचा वास त्या दिवसापासून थांबला.

मग सपाट जागी गाडी उभी करून पाच-पाच गॅलन ओतत काटा पाहत गेलो. पाचला पावाच्या किंचित खाली, दहाला बरोबर मध्ये, पंधराला पाऊणवर. टाकी काठोकाठ भरल्यावर 'एफ'च्या रेघेवर, पलीकडे नाही. वळणावर पेट्रोल हिंदकळलं की काटा थोडा झुलतो, म्हणून आकडा सरळ रस्त्यावरच वाचतो.