मातृवृक्ष तपासावा तो कधी आणि कुठल्या फांदीवर

जर्दाळू, पीच, आलुबुखार, चेरी ही अठळीची फळे आपल्या दमट किनाऱ्यावर होत नाहीत, कारण त्यांना कडक हिवाळा लागतो. तरीही त्यांच्या विषाणूंविषयी जे जे हाती लागेल ते मी वाचतो, कारण ही झाडे आपल्या हापूसप्रमाणेच कलमांनी वाढवली जातात आणि कलम करणाऱ्याच्या काडीतूनही विषाणू एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. आपल्या आंब्याचे नशीब त्या मानाने बरे. तुडतुडे, भुरी आणि करपा यांच्यावर निदान फवारणी तरी करता येते. विषाणू एकदा झाडात शिरला की बागेत त्याच्यावर औषध नाही.

या फळांचा सर्वांत कुप्रसिद्ध विषाणू म्हणजे ‘शार्का’ रोगाचा. हा रोग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बल्गेरियात लक्षात आला आणि तो विषाणूजन्य असल्याचे १९३२ मध्ये मांडले गेले. अमेरिकेत तो १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला, तेव्हा बागाच्या बागा तोडाव्या लागल्या आणि देश रोगमुक्त झाल्याचे जाहीर व्हायला २०१९ उजाडले. रोगट जर्दाळू फोडला तर अठळीवरही फिकट कडी उमटलेली दिसतात. मात्र अनेक झाडे वर्षानुवर्षे काहीच लक्षण दाखवत नाहीत, आणि नेमक्या अशाच टवटवीत झाडाची काडी आपण निःशंकपणे कापतो.

जुनी परीक्षा मला विशेष आवडते, कारण ती प्रयोगशाळेची नसून कलमवाल्याची आहे. ‘शिरोफुगेन’ नावाची जपानी फुलचेरी काही विषाणूंना फारच हळवी असते. संशयित झाडाचे डोळे, म्हणजे सालीसकट काढलेल्या कळ्या, तिच्या फांदीवर ओळीने भरतात. झाडात विषाणू असेल तर साधारण महिन्याभरात डोळ्याभोवतीची साल काळी पडून मरते आणि तिथून डिंक पाझरू लागतो. ज्या कृतीने रोग पसरतो तिनेच तो पकडला जातो, पण एवढे थांबायला वेळ आणि जागा दोन्ही लागतात. १९७७ च्या सुमारास एलायझा ही चाचणी वनस्पतींच्या विषाणूंसाठी रूढ झाली, आणि ती ज्या विषाणूंवर प्रथम आजमावली गेली त्यांत शार्काचा विषाणूही होता. पानाचा रस ९६ खळग्यांच्या ताटलीत घालतात. विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे तिथे आधीच लावलेली असतात, आणि शेवटचे रसायन पडल्यावर रोगट नमुन्याचा खळगा पिवळा होतो. पीसीआर ही विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती करून तो शोधणारी चाचणी त्याहून कितीतरी संवेदनशील आहे, पण झाडांच्या पानांतील फिनॉल आणि चिकट शर्करा नीट काढल्या नाहीत तर ती अभिक्रिया अडते आणि रोगट झाडही निरोगी ठरते.

माझ्या मते यंत्रापेक्षा पान कुठून आणि कधी तोडले हेच अधिक महत्त्वाचे आहे. विषाणू झाडात सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत तो भरपूर असतो, तर शेजारच्या फांदीत सापडतही नाही. शिवाय कडक उन्हाळ्यात त्याचे प्रमाण इतके घटते की चाचणी कोरी येते. म्हणून या झाडांचे नमुने वसंतात, कोवळ्या पानांचे किंवा फुलांचे, आणि झाडाच्या चारही बाजूंनी घेतात. ‘चाचणी केली आहे’ असे सांगणाऱ्याला महिना आणि फांदी विचारली, तर बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही.

आपल्याकडे हेच केळीच्या मुनव्यांना, म्हणजे बुंध्यालगत फुटणाऱ्या रोपांना, आणि मिरीच्या छाटांना लागू पडते, कारण दोन्हींची लागवड आईच्या तुकड्यापासूनच होते. केळीच्या पर्णगुच्छ या विषाणूजन्य रोगात कोवळे पान उजेडासमोर धरले की शिरांलगत गडद हिरवे ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. पुढे पाने आखूड होऊन शेंड्याशी गुच्छासारखी दाटतात. परंतु हा रोग पसरवणारा मावा हा कीटक चावल्यानंतर ही लक्षणे दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे आत रोग असलेला मुनवाही विक्रीच्या वेळी निर्दोष दिसू शकतो. प्रत्येक मुनव्याची चाचणी कोणाला परवडणार? ज्यांपासून मुनवे काढतात त्या मातृझाडांची मात्र परवडते, आणि रोपवाटिकेने पैसा तिथेच घालावा. मुनवे घ्यायला गेलो की ते केळीच्या ज्या बेटातून (झाडांच्या झुबक्यातून) काढले ते बेट मी आधी पाहायला मागतो, आणि विक्रेता ते दाखवायला टाळाटाळ करू लागला तर रिकाम्या हाताने परत येतो.