आचार्यांना विसार

'आचार्यांना विसार दिला, रु. ५००.'

बाबांच्या १९९४च्या वहीतली ही ओळ मी लॅपटॉपवर उघडली होती. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लागेल इतके जवळ आले आणि म्हणाले, "तुझ्या आत्याच्या लग्नाला शंकराचार्य आले होते, हे मला आजच कळतंय."

वहीत अर्थातच 'आचाऱ्यांना' होतं. लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्यांना. माझ्या नव्याकोऱ्या प्लगइनने, म्हणजे नोंदींच्या ॲपला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने, एका फटक्यात त्यांना पीठावर नेऊन बसवलं होतं. पुढच्याच पानावर सिंहगडावरून दिसणाऱ्या दऱ्यांच्या जागी 'दर्या' आला होता. म्हणजे कोथरूडहून तासाभरात समुद्र.

बाबा चौतीस वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. खिळ्यांच्या जमान्यात लागले, डीटीपीच्या जमान्यात निवृत्त झाले. आमच्या घरी वाण्याच्या यादीवरही लाल पेन फिरतं. त्यांच्या सत्तावीस वह्या आहेत, बहुतेक अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या, दोनशे पानी, आखीव. हिशेब, सहली, कोण आलं, कोण गेलं, कुठल्या पुस्तकाच्या कितव्या फॉर्ममध्ये कोणती चूक राहून गेली याची हळहळ, सगळं त्यात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्या फोनवर टाइप करायला घेतल्या. एका बोटाने. मी रात्री लॅपटॉपवर बसून मदत करते. सगळं ऑब्सिडियन नावाच्या नोंदवहीच्या ॲपमध्ये ठेवतो, कारण तिथे प्रत्येक नोंद म्हणजे आपल्याच फोल्डरमधली साधी मजकुराची फाइल असते. उद्या ॲप बंद पडलं तरी फाइल नोटपॅडमध्येही उघडते. "म्हणजे वही आपल्याच कपाटात," हे बाबांना पटलं.

घोळ शोधाच्या वेळी लक्षात आला. बाबांना कऱ्हेपठारावरच्या एका सहलीची नोंद हवी होती. मी 'कऱ्हा' टाकलं. तीन नोंदी आल्या, तिन्ही मी टाइप केलेल्या. बाबांनी आपल्या फोनवर टाकलं, तर पाच आल्या, पाचही त्यांच्या. नदी एक, वहीही एक, आणि बापलेकीच्या कऱ्हा वेगळ्या.

यात शोधाचा काही दोष नव्हता. मी इन्स्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करते, तिथे शिफ्ट धरून 'जे' दाबलं की ऱ येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, ते ०९३१ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर. त्याला हलन्त लावला की आपला 'ऱ्य'मधला, 'ऱ्ह'मधला अर्धा र तयार होतो. बाबांच्या फोनचा कीबोर्ड मात्र साधा र घेतो, हलन्त लावतो आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर बसवतो, क्रमांक २००डी. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडमध्ये अशा जुळ्यांना एकरूप करायची अधिकृत सोय असते, पण ती फक्त त्यांनी 'समान' ठरवलेल्या जोड्यांना लागू पडते. आपली ही जोडी त्यात नाही. 'ॲ'चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तोवर लोक 'अ'वर चंद्र चढवून काम भागवत होते, आणि अनेक कीबोर्ड अजूनही तेच करतात. त्यामुळे आमच्याकडे 'बँक' सापडायची, पण 'ॲल्युमिनियम'चा डबा हरवायचा.

आणखी एक मजा. युनिकोडच्या तक्त्यात ऱ समोर टीप आहे ती द्राविडी भाषांतला र लिप्यंतरित करण्यासाठी. त्याच्या अर्ध्या रूपाला तिथे 'आयलॅश रा' म्हटलंय, म्हणजे पापणीचा र. शेतकऱ्यापासून भाकऱ्यांपर्यंत अख्खा महाराष्ट्र ज्यावर चालतो, ते अक्षर तक्त्यात दुसऱ्याच्या नावावर नोंदलेलं! बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे त्याचा वेगळा खिळा होता. कोणाच्या नावावर नव्हता." मला मात्र पापणी हे नाव इतकं आवडलं की प्लगइनचं नाव तेच ठेवलं.

आता प्लगइन. मी टेस्टिंगमध्ये काम करते, कल्याणीनगरला. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायचा पगार घेते. स्वतः टाइपस्क्रिप्ट भाषेत कोड लिहिण्याची ही पहिलीच वेळ. ऑब्सिडियनवाल्यांनी नमुन्याचं प्लगइन गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवलेलं आहे, त्याची प्रत काढायची आणि आतलं आपलं भरायचं. आयडियल कॉलनीला मेट्रोत चढले आणि बसायला मिळालं, तर उतरेपर्यंत एखादं फंक्शन होतं. उभं राहावं लागलं तर नुसता विचार होतो, आणि खरं तर विचाराच्या दिवशी काम जास्त चांगलं व्हायचं.

पहिल्या आवृत्तीच्या दिवशी मला बसायला मिळालं होतं. माझा तर्क सरळ होता. न दिसणारं अक्षर त्रास देतंय ना? मग सगळ्या फाइलींतून ते काढून टाका. एका ओळीचं काम. प्लगइनच्या कागदपत्रांत ठळक लिहिलेलं असतं की आपल्या खऱ्या वहीवर प्रयोग करू नका, वेगळी चाचणीची व्हॉल्ट, म्हणजे नोंदींचा फोल्डर, करा. ऑफिसात हेच वाक्य मी पोरांना दर आठवड्याला ऐकवते. घरी येऊन सहाशेच्या वर नोंदींवर कमांड चालवली, 'कऱ्हा' शोधलं, तर माझ्या तीन दिसत होत्या, पण बाबांच्या पाच अजूनही येत नव्हत्या. मला वाटलं, कॅशची, म्हणजे ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या जुन्या माहितीची भानगड असेल. जेवायला बसले.

जेवताना शंकराचार्य आले.

झालं होतं असं, की र आणि हलन्तापुढचं ते अदृश्य अक्षर काढलं की उरतं र, हलन्त, य. म्हणजे रफार. 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना'. आणि हे उलटं फिरवता येत नाही. 'कार्य', 'सूर्य', 'मर्यादा' यांना रफार हवाच आहे. कुठला रफार मूळचा आणि कुठला माझ्या कृपेने आलेला, हे सांगणारा नियम लिहून दाखवा. मी दोन रात्री बसले. 'पायर्या', 'नोकर्या' असले शब्द ओळखता येतात, कारण ते शब्दच नाहीत. पण 'दर्या' शब्द आहे. 'आचार्यांना' शब्द आहे. तिथे वाक्य वाचूनच कळतं, आणि वाचणारं माणूस आमच्या घरी एकच होतं.

रविवारची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून बहुतेक सगळं परत आलं. मधले तीन दिवस बाबांनी टाइप केलेलं तेवढं बिघडलेलं राहिलं. त्याच्या एकोणीस प्रिंट काढून दिल्या. (पीडीएफवर खुणा कशा करायच्या हे मी दाखवलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि प्रिंट मागितल्या.) दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परत आल्या, समासात मुद्रितशोधनाच्या खुणा, लाल पेनात, एकही सुटलेली नाही. शिवाय वेगळ्या कागदावर शब्दांची यादी. दर्या, दऱ्या. आचार्यांना, आचाऱ्यांना. पुढे वऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, तऱ्हा, कोऱ्या, पांढऱ्या, किनाऱ्यावर. शेवटी एक ओळ: 'यांतला एकही बदलला तर प्रकाशन थांबवावे.' ही यादी मी जशीच्या तशी चाचण्यांमध्ये घातली. इतकं स्पष्ट रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मला नोकरीत कधी मिळालेलं नाही.

म्हणून दुसरी आवृत्ती अगदी कंजूष आहे. ती अदृश्य अक्षराला एकट्याने हात लावत नाही. र, हलन्त आणि जॉइनर हे तिघं ओळीने सापडले तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. अ आणि चंद्र सापडले तर ॲ. बाकी जिथे आहे तिथे. बदल करताना फाइल वाचून पुन्हा लिहायची नाही, तर 'व्हॉल्ट'ची 'प्रोसेस' नावाची सोय वापरायची, म्हणजे वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये बाबांचा फोन काही घुसवत असेल तर ते पुसलं जात नाही. दोन चौकटी कंसांतल्या दुव्यांनाही हात लावायचा नाही, कारण दुव्यातलं नाव बदललं आणि फाइलीचं तसंच राहिलं तर दुवा तुटतो. हेही अर्थातच एकदा तोडून झाल्यावर कळलं.

शिवाय शोधाची वेगळी खिडकी केली, ती नोंदींना हात न लावता दोन्ही रूपं एकच मानते. तिथे नवीनच खड्डा. 'कऱ्हा' शोधल्यावर 'कऱ्हाड' येऊ नये म्हणून मी शब्दाच्या कडेची खूण वापरली, आणि काहीच सापडेना. जावास्क्रिप्टच्या त्या खुणेच्या लेखी शब्द म्हणजे ए ते झेड, आकडे आणि अधोरेखा. देवनागरी तिला विरामचिन्हांसारखीच परकी. मग युनिकोडच्या अक्षर-वर्गांनी कड ओळखायची आणि मागे वळून बघणारी लुकबिहाइंड अट घालायची असं केलं. लॅपटॉपवर झकास. मामेबहिणीच्या जुन्या आयपॅडवर प्लगइन सुरूच होईना. आयओएस १६.४च्या आधी ती अट तिथल्या इंजिनला कळतच नव्हती, आणि न कळणारी एक खूण दिसली की ते अख्खी फाइलच नाकारतं. ती अट काढून, मागचं अक्षर साध्या कोडने तपासलं. चार ओळी वाढल्या. सुंदर नाहीत, पण चालतात.

प्रकाशनाची रीत कळायला मला वाटलं त्याहून सोपी निघाली. गिटहबवर आपल्या कोडचं रिलीज काढायचं, त्याला मेन डॉट जेएस आणि मॅनिफेस्ट डॉट जेसन जोडायच्या. मग ऑब्सिडियनच्या रिपॉझिटरीत सगळ्या प्लगइनांची एक लांबलचक यादी होती, तिच्या शेवटी आपली नोंद घालून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारायची विनंती, पाठवायची. आधी बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तपासायचा, मग माणूस. बॉटने मला तासाभरात तीनदा परत पाठवलं. रिलीजच्या टॅगला पुढे 'व्ही' लावला होता, तिथे नुसता आकडा हवा. प्लगइनच्या ओळखनावात 'ऑब्सिडियन' घातलं होतं, ते चालत नाही. वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम नव्हता. हा तिसरा शेरा मी बाबांना वाचून दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते माझ्या दहावीच्या निकालालाही नव्हतं.

माणसाने तपासायला काही आठवडे लागले. त्याच्या सूचना मात्र नेमक्या होत्या. मजकूर पानात सरळ एचटीएमएल म्हणून टाकू नका, घटक तयार करून भरा. कमांडला आधीपासून शॉर्टकट बांधू नका, तो वापरणाऱ्याचा असू शकतो. मी दोन संध्याकाळी बसून सगळं केलं, आणि एका गुरुवारी सकाळी नळ स्टॉपच्या आसपास मेल आली की स्वीकारलं. शेजारी एक काकू भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना सांगावंसं वाटलं होतं, पण काय सांगणार?

त्यानंतर पहिला इश्यू, म्हणजे वापरणाऱ्याची तक्रार, आला तो मला वाटलं तसा नागपूर-कोल्हापूरकडून नाही. नेपाळीत लिहिणाऱ्या एकाने कळवलं होतं की तुमचं प्लगइन आमची क्रियापदं बिघडवतंय. नेपाळीतही पापणीचा र आहे, जागोजाग आहे, पण ते लोक तो र, हलन्त आणि जॉइनर असाच लिहितात. त्यांच्याकडे ऱ नाही. मी ज्याला दुरुस्ती म्हणत होते, ती त्यांच्या लेखी अशुद्ध.

बाबांना हा इश्यू मोठा करून दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, नेपाळी वाक्यं ओठांनी पुटपुटत. म्हणाले, "माणूस बरोबर बोलतोय. त्याचं त्याला परत दे." म्हणून १.१ आवृत्तीत एक सेटिंग आलंय, 'ऱ वापरा' की 'जोडणारं चिन्ह ठेवा', आणि शोध दोन्हीकडे चालतो. सेटिंगखालच्या मराठी वर्णनात मी 'अर्धा र कसा लिहायचा ते निवडा' असं लिहिलं होतं. बाबांनी 'अर्धा'वर लाल खूण केलीय आणि समासात प्रश्नचिन्ह काढलंय. काय हवं ते अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे १.१ अडकलंय.